डॉ. जेरुशा झिराड : कर्जाऊ शिष्यवृत्तीवर विलायतेला गेलेली मुलगी

अलिबागहून मांडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर झिराड नावाचे गाव लागते. किहीम तिथून जवळ आहे आणि नवगावही त्याच तालुक्यात. किहीमचे ते किहीमकर, नवगावचे ते नवगावकर, राजपुरीचे ते राजपुरकर, अशी बेने इस्राएल आडनावे बनली. झिराडच्या या घराण्याने मात्र मागे ‘कर’ न लावता गावाचे नाव तसेच्या तसे घेतले. टोरांटोत वाढलेल्या मुलांनी नकाशा काढून आपले आडनाव शोधले, तर त्यांतली बरीचशी कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, या किनाऱ्यावरच सापडतात.

जेरुशा हे नाव तनाखमधले. यहुदाचा राजा योथाम याच्या आईचे ते नाव. त्या राजमातेविषयी तिथे एका ओळीपलीकडे काही सांगितलेले नाही. ते नाव धारण करणाऱ्या झिराडांच्या मुलीविषयी मात्र पुष्कळ सांगण्यासारखे आहे.

तिचा जन्म २१ मार्च १८९० रोजी म्हैसूर संस्थानातल्या शिमोगा गावी झाला. अलिबागकडचे तेली शिमोग्यात कसे पोहोचले, असे मुलांना वाटेल. कोकणात घाणा चालवून तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले जाणारे हे लोक अठराव्या शतकापासून मुंबईत येऊ लागले. कंपनी सरकारच्या पलटणीत पुष्कळजण शिरले, सुभेदार झाले, पेन्शन घेऊन परतले. पलटणीतली भरती पुढे कमी झाली तसे लोक रेल्वे, पोस्ट, बांधकाम खाते आणि कचेऱ्या यांच्याकडे वळले. नोकरी नेईल तिथे कुटुंब जाई. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेने इस्राएल घरे कराचीपासून म्हैसूरपर्यंत विखुरलेली दिसतात. घरात बोली मराठीच राहिली.

कचेरीतल्या नोकरीसाठी शाळा हवी, हे त्या पिढीला नीट कळले होते. हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या भावांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढली. पैसा समाजाजवळ फारसा नव्हता. केहिमकरांनी आयुष्यभर अर्ज-विनंत्या केल्या, वर्गण्या गोळा केल्या आणि लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनकडून शाळेसाठी मदत मिळवली. हीच शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. शिक्षणासाठी मदत मागण्यात कमीपणा नाही, मागितलेल्या पैशाचा हिशेब चोख ठेवावा लागतो, ही शिकवण त्या काळात समाजात रुजली ती अशा माणसांमुळे.

मुलींचे शिकणे मात्र अजून घराघरावर अवलंबून होते. झिराडांच्या घरी मुलींनी शिकावे असे वाटत होते, हे जेरुशाचे नशीब. तिचे शालेय शिक्षण पुण्याच्या मुलींच्या हायस्कुलात झाले. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवर उभी राहिलेली म्हणून सगळे जिला हुजूरपागा म्हणतात, तीच ही शाळा. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदींनी ती १८८४ मध्ये सुरू केली, तेव्हा मुलींना हायस्कूलपर्यंत शिकवण्याला पुण्यातच केवढा विरोध झाला होता! त्याच शाळेत शिमोग्यातच जन्मलेली आणखी एक बेने इस्राएल मुलगी शिकली. जेरुशापेक्षा थोडीशीच मोठी असलेली रिबेका नवगावकर ही मुलगी १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकमध्ये सगळ्या मुलामुलींत पहिली आली. रिबेका रूबेन या नावाने त्या पुढे प्रसिद्ध झाल्या. काही हजारांच्या समाजातून एका पिढीत अशा दोघीजणी निघाव्यात, ही साधी गोष्ट नव्हे.

जेरुशाला डॉक्टर का व्हावेसे वाटले, याची हकिगत घरातल्या आजारपणाशी जोडलेली आहे. ती शाळकरी वयात असताना तिची बहीण फार आजारी पडली आणि तिला मुंबईच्या कामा हॉस्पिटलात ठेवावे लागले. बोरीबंदर स्टेशनाजवळचे हे इस्पितळ खास बायका-मुलांसाठी होते. पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी गृहस्थांच्या देणगीतून १८८६ मध्ये ते सुरू झाले, आणि तिथे डॉक्टरही बायकाच असाव्यात असा दंडक पहिल्यापासून होता. पडद्यातल्या किंवा परपुरुषाला नाडी दाखवायला लाजणाऱ्या बायका एरवी दवाखान्यात येतच नसत. जेरुशाच्या बहिणीला तपासणाऱ्या डॉ. अ‍ॅनेट बेन्सन तिथल्या प्रमुख होत्या. बहीण बरी झाली. आणि आपणही डॉक्टर व्हायचे, तेही याच इस्पितळाची प्रमुख व्हायचे, असे त्या मुलीने मनाशी ठरवले.

डॉक्टर होणे त्या काळच्या मुलीला अवघड असले तरी अशक्य नव्हते. पण कामा हॉस्पिटलचे प्रमुखपद ही वेगळीच गोष्ट होती. पहिल्या प्रमुख डॉ. एडिथ पीची इंग्रज, डॉ. बेन्सनही इंग्रज. त्या खुर्चीवर तोवर एकही हिंदी बाई बसलेली नव्हती, आणि विलायतेची मोठी पदवी असल्याशिवाय तिथे कोणी बसवलीही नसती. म्हणजे मुंबईची पदवी घेऊन भागणार नव्हते. समुद्र ओलांडावा लागणार होता आणि त्याला पैसा लागणार होता.

मुंबईतला टप्पा तिने सरळ पार केला. १८४५ साली स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून १९१२ मध्ये तिने एल.एम. अँड एस. ही तेव्हाची वैद्यकीय पदवी मिळवली. इथून पुढे तिला ‘ती’ म्हणणे बरे दिसणार नाही. आता त्या डॉक्टर जेरुशाबाई झाल्या.

विलायतेला जाण्यासाठी हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्त्या होत्या, पण त्या तोवर कुठल्याही बाईला मिळालेल्या नव्हत्या. मग त्यांच्याआधी गेलेल्या बायका कशा गेल्या? आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या त्या श्रीरामपूरला केलेल्या भाषणानंतर लोकांनी दिलेल्या मदतीवर. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनीही दोनशे रुपये दिले होते. रखमाबाई लंडनला गेल्या त्या डॉ. पीची आणि इतर हितचिंतकांनी उभ्या केलेल्या निधीवर. दोघींची योग्यता वादातीत आहे. पण दोघींचे प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले होते, म्हणून लोकांचे लक्ष गेले आणि पैसे जमले. ज्या मुलीच्या बाबतीत असे काही गाजलेले नव्हते, तिने कोणाचे दार ठोठावायचे?

असे एक दार मुंबईतच होते. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये एक निधी स्थापन केला होता. हुशार हिंदी मुलामुलींना परदेशी उच्च शिक्षणासाठी त्यातून रक्कम मिळे, पण ती बक्षीस म्हणून नव्हे, तर कर्ज म्हणून. विद्यार्थ्याने अर्ज करायचा, आपली गुणपत्रके दाखवायची, काय शिकायचे आणि कशासाठी ते सांगायचे. निवड झाली तर पैसे मिळत. परत येऊन कमाई सुरू झाली की ते व्याजासह फेडायचे, आणि फिटलेल्या पैशातून पुढचा विद्यार्थी जायचा. जमशेटजींना दानधर्म करता आला नसता असे नाही. पण फुकट दिलेला पैसा एकदाच उपयोगी पडतो आणि घेणाऱ्याची मान खाली जाते, हे त्या व्यापारी माणसाने ओळखले होते. निधीच्या अगदी पहिल्या लाभार्थींत डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्री डॉक्टर होत्या. म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती बायकांना मिळण्याच्या वीस-बावीस वर्षे आधीपासून इथे बाईचा अर्ज पुरुषाच्या अर्जाशेजारी ठेवून वाचला जात होता. १९२४ पर्यंत आय.सी.एस.मध्ये शिरणाऱ्या दर पाच हिंदी तरुणांपैकी दोघे टाटा निधीवर शिकलेले असत, असे सांगतात.

जेरुशाबाईंनी हे कर्ज घेतले. तेव्हाच्या मध्यमवर्गीय घरात हा निर्णय किती जड असेल याची कल्पना करावी. मुलगी वीस-बावीस वर्षांची. तिच्या वयाच्या मैत्रिणींच्या घरी लग्नाच्या खर्चाची बोलणी चाललेली, आणि इथे मुलीच्याच नावावर कर्ज, तेही तिने स्वतः कमावून फेडायचे! ती आजारी पडली, नापास झाली किंवा तिकडेच राहिली तर? अशी शंका नातेवाइकांनी काढली नसेल तर नवल. पण कर्ज तिच्या नावावर असण्यात एक वेगळा मानही होता. ही बाई कमावणार आहे आणि तिच्या शब्दावर पैसे द्यायला हरकत नाही, असे एका संस्थेने कागदावर मान्य केले होते.

यहुदी परंपरेला ही कल्पना परकी नाही. गरजू भावाला व्याजाविना कर्ज द्यावे असे तोराह सांगते. रंबाम यांनी, जे स्वतः वैद्य होते, त्सेदाकाच्या आठ पायऱ्या लावल्या, आणि सर्वांत वरच्या पायरीवर भिक्षेला जागा दिली नाही. माणसाला कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम देऊन त्याच्या पायावर उभे करणे, हे त्यांनी सर्वांत वर ठेवले. टाटा निधी व्याज घेत असे एवढा फरक सोडला, तर जमशेटजी आणि रंबाम यांचे फार मतभेद झाले नसते.

आज ओंटारिओत बारावीत शिकणाऱ्या मुलाच्या घरी ओसॅपचा अर्ज भरताना अशीच बोलणी होतात. आजोबांना कर्ज हा शब्दच नको असतो. आईवडिलांना वाटते, आपले उत्पन्न पाहून काही मिळणार नाही, मग कशाला भरायचा? ओसॅपची मदत काही अनुदान म्हणून आणि काही कर्ज म्हणून मिळते. घरचे उत्पन्न, शिक्षणाचा खर्च वगैरे पाहून रक्कम ठरते आणि अर्ज दर वर्षी नव्याने करावा लागतो. केंद्र सरकारच्या वाट्याच्या कर्जावर १ एप्रिल २०२३ पासून व्याज लागत नाही. प्रांताच्या वाट्याचे नियम वेगळे आहेत, तेवढे नीट वाचावे. शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात, आणि कमाई कमी असेल तर हप्ता कमी करून घेण्याची सोय आहे, पण त्यासाठीही अर्जच करावा लागतो. विद्यापीठांच्या बर्सरी निराळ्या असतात आणि त्यांतल्या पुष्कळांसाठी वेगळा अर्ज लागतो. ज्युइश फ्री लोन टोरांटो ही संस्था शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज देते. अर्ज न करणाऱ्याला मात्र यांतले कोणीही घरी येऊन काही देत नाही. १९१२ सालच्या मुलीपुढे एक दार होते, इथे चार-पाच आहेत.

जेरुशाबाई लंडनला पोहोचल्या त्या सुमारास पहिले महायुद्ध पेटले. १९१५ पासून जर्मन झेपेलिन लंडनवर बाँब टाकू लागली. लंडनहून मुंबईला निघालेली ‘पर्शिया’ ही आगबोट ३० डिसेंबर १९१५ रोजी भूमध्य समुद्रात पाणबुडीने बुडवली आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. घरच्यांना लंडनचे पत्र मिळायचे ते याच समुद्रातून. मुलीला परत बोलवावे तर वाटेत धोका, तिकडे ठेवावे तर डोक्यावर धोका.

लंडनमध्ये स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाचे मुख्य ठिकाण म्हणजे १८७४ मध्ये स्थापन झालेले स्त्रियांचे मेडिकल स्कूल. ते उभारणाऱ्या पिढीतल्या डॉ. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी बायकांनीच चालवलेले एक इस्पितळ काढले होते, आणि त्यांच्या मृत्यूनंतर ते त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. जेरुशाबाईंनी तिथे काम केले. युद्धामुळे पुरुष डॉक्टर सैन्यात गेले होते, त्यामुळे शहरातल्या इस्पितळांत बायकांना जबाबदारीची कामे मिळू लागली. शांततेच्या काळात हिंदुस्थानातून आलेल्या बाईला ज्या खोलीच्या दाराशी उभे केले असते, त्या शस्त्रक्रियेच्या खोलीत आता तिची गरज होती. व्याख्यानात ऐकलेले रात्रपाळीत हाताला शिकायला मिळाले. पदवीच्या कागदावर या रात्रपाळ्यांची नोंद नसते, पण परतल्यावर त्यांनी जे केले ते बरेचसे याच शिदोरीवर.

तिथे असतानाच दुसरी मोठी गोष्ट घडली. हिंदुस्थान सरकारने त्यांना शिष्यवृत्ती दिली, आणि ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आधी शिष्यवृत्ती आणि मग प्रवास, असे झाले नाही. सरकार मदत देईल तेव्हा जाऊ म्हणून त्या मुंबईत बसून राहिल्या असत्या, तर कदाचित बसूनच राहिल्या असत्या. कर्ज काढून त्या गेल्या, तिथे काम करून दाखवले, आणि मग नाही म्हणायला सरकारजवळ कारण उरले नाही. १९१९ मध्ये प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोग या विषयांत त्यांनी लंडन विद्यापीठाची एम.डी. मिळवली.

त्या काळी कॅनडा फार पुढे होता असे कोणाला वाटत असेल, तर माँट्रिऑलकडे पाहावे. मॅकगिल विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात मुलींना पहिल्यांदा प्रवेश मिळाला तो १९१८ मध्ये. हृदयविकारांच्या अभ्यासासाठी जगभर नाव झालेल्या डॉ. मॉड अ‍ॅबट यांना मॅकगिलने विद्यार्थिनी म्हणून घेतले नव्हते. त्यांनी बिशप्स विद्यापीठातून १८९४ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली, आणि मग त्याच मॅकगिलच्या संग्रहालयात आयुष्य वेचले.

जेरुशाबाई परतल्या त्या थेट कामा हॉस्पिटलच्या खुर्चीवर नव्हे. आधी दिल्लीला काम केले, मग काही वर्षे बंगलोरच्या प्रसूतिगृहात. मग मुंबईत आल्या. शेवटी १९२० च्या दशकाच्या अखेरीस कामा हॉस्पिटलचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. ते मिळवणारी पहिली हिंदी स्त्री म्हणजे शिमोग्यात जन्मलेली ही मराठी बोलणारी यहुदी बाई. बहिणीच्या खाटेशेजारी ठरवलेल्या गोष्टीला तोवर पंचवीसेक वर्षे होऊन गेली होती. १९४७ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते पद सांभाळले.

मोठ्या इस्पितळाच्या प्रमुखाला खुर्चीत बसून नुसत्या सह्या करूनही दिवस काढता येतात. जेरुशाबाईंना मात्र एक प्रश्न सुटत नव्हता. बाळंतपणात बायका मरतात, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्या नेमक्या कशाने मरतात, कोणत्या महिन्यात, घरी की इस्पितळात, आधी कोणी तपासले होते का, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. पाठ्यपुस्तके विलायतेची, त्यांतली कारणे विलायतेची. मुंबईच्या चाळीत अंधाऱ्या खोलीत सुईणीच्या हातून होणारे बाळंतपण त्या पुस्तकांत नव्हते.

१९३० च्या दशकात त्यांनी मुंबई शहरातल्या माता-मृत्यूंची पद्धतशीर चौकशी हाती घेतली आणि तिचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा चौकशीत मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलेला एक शब्द पुरत नाही. मागे जावे लागते: बाई किती दिवस आजारी होती, रक्तक्षय होता का, अंगावर सूज होती का, कोणाला बोलावले, किती उशिरा बोलावले. असे एकेक मृत्यूचे कारण लावत गेले की मग कळते की कुठे औषध कमी पडले, कुठे पोषण, आणि कुठे नुसती गाडी वेळेवर मिळाली नाही. पुढे १९४६ मध्ये भोर समितीने देशात दर हजार जन्मांमागे सुमारे २० माता दगावतात असा अंदाज मांडला. आज कॅनडात एक लाख जन्मांमागेही इतक्या माता दगावत नाहीत. हे अंतर कापण्यासाठी आधी कोणीतरी वही घेऊन नोंद करायला बसावे लागते. मुंबईपुरते ते काम जेरुशाबाईंनी केले. त्यांना मिळालेल्या मानसन्मानांपेक्षा हा अहवाल मोठा मानायला हवा, पण समाजातल्या लेखांत नेमका त्याचाच उल्लेख राहून जातो.

स्त्री डॉक्टरांच्या अखिल भारतीय संघटनेच्या त्या बरीच वर्षे अध्यक्ष होत्या. प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांतही त्यांचे काम होते. १९४५ मध्ये ब्रिटिश सरकारने एम.बी.ई. दिली, १९६६ मध्ये भारत सरकारने पद्मश्री. दोन्ही सरकारांनी ज्यांना मान दिला अशी माणसे थोडीच.

समाजातही त्या नुसत्या पाहुण्या म्हणून मिरवल्या नाहीत. बेने इस्राएल स्त्री मंडळाच्या कामात त्या होत्या. लंडनमध्ये असताना लिली मोंटेग्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या धार्मिक विचारांशी त्यांचा परिचय झाला होता, त्यातून १९२५ मध्ये मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. प्रार्थनेचा अर्थ बायका-मुलांना कळावा ही त्यामागची तळमळ होती. सगळ्यांना ते पटले असे नाही. आजही त्याविषयी ज्येष्ठांमध्ये दोन मते निघतील. मात्र विलायतेहून आणायची गोष्ट म्हणजे फक्त पदवी, असे त्यांनी मानले नाही, हे विरोधकही मान्य करतील.

त्याच काळात त्यांच्या शाळेची ती मॅट्रिकला पहिली आलेली मुलगी, रिबेका रूबेन, केहिमकरांनी काढलेल्या शाळेची मुख्याध्यापिका झाली होती. १९२२ पासून जवळपास तीस वर्षे त्यांनी ती शाळा चालवली आणि मुलांसाठी पुस्तके लिहिली. शिमोग्याची एक मुलगी कामा हॉस्पिटलात, दुसरी कदूरी शाळेत. मुंबईतल्या एखाद्या बेने इस्राएल मुलाचा जन्म एकीच्या इस्पितळात आणि शिक्षण दुसरीच्या शाळेत, असे सहज घडत असेल.

टोरांटोतही त्याच वर्षांत एक असेच काम चालले होते. शहरातल्या इस्पितळांत यहुदी डॉक्टरांना जागा मिळत नसे आणि स्थलांतरित यहुदी बायकांना आपली भाषा समजणारे कोणी तिथे नसे. तेव्हा समाजातल्या बायकांनी दारोदार फिरून पैसे जमवले आणि १९२३ मध्ये यॉर्कव्हिल भागात एक छोटे प्रसूतिगृह सुरू केले. युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवरचे आजचे माउंट सायनाय हॉस्पिटल ते हेच. कामा हॉस्पिटलची गोष्ट मुलांना दूरची वाटली, तर ही सबवेने जाऊन पाहता येते. ओंटारिओत हायस्कूलचा डिप्लोमा मिळवण्यासाठी समाजसेवेचे ४० तास भरावे लागतात. ज्येष्ठांच्या केंद्रात, फूड बँकेत किंवा इस्पितळात ते भरता येतात. बरीच मुले ते कसेबसे उरकतात आणि सही घेऊन मोकळी होतात. पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जात, वर्गाबाहेर काय केले, असा रकाना येतो, तेव्हा त्या सहीखाली लिहिण्यासारखे काही सापडत नाही. जेरुशाबाईंच्या चौकशीत वही घेऊन बसणारे एखादे मूल असते, तर त्याला तो रकाना पुरला नसता.

निवृत्तीनंतरही त्या दीर्घकाळ जगल्या. समाजातली कितीतरी घरे त्यांच्या डोळ्यांदेखत इस्राएलला गेली, काही इंग्लंडला, काही इकडे कॅनडाला आली. नव्वदी ओलांडल्यावर १९८० च्या दशकात त्यांचे निधन झाले.

ज्या निधीतून त्यांनी कर्ज घेतले, तो आजही चालू आहे. भारताचे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे त्याच निधीच्या मदतीने शिकायला इंग्लंडला गेले. आणि बोरीबंदरजवळचे कामा हॉस्पिटलही तिथेच उभे आहे. कॅनडातल्या ज्या आजीआजोबांच्या जन्मदाखल्यावर १९४७ च्या आधीची तारीख आणि त्या इस्पितळाचे नाव आहे, त्यांच्या जन्माच्या दिवशी तिथल्या प्रमुख कोण होत्या, हे त्यांच्या नातवंडांना तारीख पाहून सांगता येईल.